दुर्गम भागात आरोग्यसेविका घडवायच्या आहेत? सरकारी निधीपर्यंतची वाट, पायरीपायरीने

पहिल्या मंजुरीचं पत्र आमच्या हातात पडलं तेव्हा फेब्रुवारी संपत आला होता. तीस बायकांचं निवासी प्रशिक्षण घ्यायचं होतं आणि खर्च ३१ मार्चच्या आत दाखवायचा होता. निवडलेल्या तिसांपैकी अकरा जणी कुटुंबासोबत ऊसतोडीला गेल्या होत्या. उरलेल्या होळीच्या तयारीत होत्या आणि सातपुड्यात होळीच्या आठवड्यात कुणी वर्गात बसत नाही. आम्ही कसंबसं सोळा जणींचं प्रशिक्षण केलं, बाकीचा निधी परत गेला. पुढच्या वर्षी अर्ज घेऊन गेलो तर पहिला प्रश्न आला: मागचा निधी अखर्चित का राहिला?

नंतरच्या वर्षांत मी हेच काम करत आले. प्रस्ताव लिहिणं, फायलीच्या मागे फिरणं, हिशेब देणं. ज्या संस्था, महिला बचतगटांचे प्रभागसंघ किंवा ग्रामसभा हे काम पहिल्यांदा हाती घेत आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. महाराष्ट्रातल्या, त्यातही आदिवासी भागातल्या अनुभवावरून लिहिते आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगते, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्याभोवती फिरतात. सरकार पैसे देतं ते प्रशिक्षणाच्या दिवसांचे. आरोग्यसेविका मात्र त्या दिवसांनंतरच्या वर्षभरात घडते, जेव्हा ती पहिल्यांदा एकटी पाड्यावर जाते, घाबरते, चुकते आणि कुणीतरी तिच्यासोबत बसून ती चूक समजावतं. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं. तिथल्या गावोगावच्या बायका एकदा शिकून घरी गेल्या आणि संपलं, असं झालं नाही. त्या पुन्हा पुन्हा येऊन शिकत राहिल्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले: तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बालकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले होते. त्या यशात प्रशिक्षणाइतकाच वाटा गावात नियमित जाऊन केलेल्या देखरेखीचा होता. २०११ पासून हेच काम देशभर गावोगावच्या आशा सेविकांकडे आलं. दवाखान्यात बाळंतपण झालं तर घरी सहा भेटी, घरीच झालं तर सात, शेवटची भेट ४२ व्या दिवशी.

म्हणून तुमच्या प्रस्तावात त्या नंतरच्या वर्षाचा खर्च असायलाच हवा. तो कसा मांडायचा ते पाचव्या पायरीत येईल.

१. नेमकं कोणतं काम शिकवणार, ते आधी ठरवा

‘आरोग्यसेवकांचं प्रशिक्षण’ एवढंच लिहून अर्ज केला तर कार्यालयात तो कोणत्या टेबलावर ठेवायचा हेच कुणाला कळत नाही. ढोबळमानाने तीन प्रकार आहेत.

पहिला, गावपातळीवरच्या स्वयंसेविका: आशा, पाडा स्वयंसेवक, ग्रामसभेने नेमलेली आरोग्यमित्र. आशा योजना २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानासोबत आली आणि आशांचं प्रशिक्षण ही आरोग्य खात्याची स्वतःची जबाबदारी आहे. त्यांची पुस्तिका ठरलेली, दिवस ठरलेले. सहावं आणि सातवं मॉड्यूल चार फेऱ्यांत मिळून वीस दिवस चालतं. इथे संस्थेला जागा मिळते ती प्रशिक्षक म्हणून, निवासी केंद्र म्हणून किंवा पूरक प्रशिक्षणासाठी.

दुसरा, कौशल्य अभ्यासक्रम: रुग्णालयातली सहायक म्हणजे ‘जीडीए’, घरी जाऊन रुग्णाची काळजी घेणारी, रक्ताचे नमुने घेणारी, रुग्णवाहिकेतली तंत्रज्ञ. हे काही महिन्यांचे अभ्यासक्रम कौशल्य विकास विभागाकडे येतात आणि परीक्षा बाहेरचा परीक्षक घेतो.

तिसरा, एएनएम आणि जीएनएम. एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं. दोन्हीला भारतीय परिचर्या परिषद आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता लागते. छोट्या संस्थेने हे स्वतः चालवायचा विचार करू नये. मुलींना मान्यताप्राप्त संस्थेत प्रवेश आणि महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवरची शिष्यवृत्ती मिळवून द्यावी. तेही मोठं काम आहे.

इथला सापळा मी फार कळवळून सांगते आहे. सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमाच्या फलकावर ‘नर्सिंग’ हा शब्द लिहू नका आणि दुसरं कुणी लिहीत असेल तर त्याच्याशी भागीदारी करू नका. आमच्या तालुक्यातल्या कितीतरी मुलींनी घरची शेळी विकून अशा वर्गांची फी भरली. भरतीच्या वेळी परिषदेचा नोंदणी क्रमांक मागितला तेव्हा त्यांना कळलं की त्या प्रमाणपत्रावर नोंदणी होतच नाही. जीडीए शिकवत असाल तर पहिल्याच दिवशी पालकांना स्पष्ट सांगा: ही नर्स होणार नाही, रुग्णसहायक होणार आहे.

२. पैसा कोणत्या दारातून येतो ते ओळखा

नवे लोक सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवतात. मंत्रालयात जाऊन येतात, मोठ्या माणसांना निवेदनं देतात आणि जिल्ह्याच्या ठिकाणी असलेली दारं बघतच नाहीत.

*आरोग्य खातं.* राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा पैसा केंद्र आणि राज्य ६०:४० या प्रमाणात घालतात. पण तो खर्च करायचा तर ते काम आधी आराखड्यात असावं लागतं. जिल्ह्याचा आरोग्य कृती आराखडा तयार होतो, तो राज्याच्या अंमलबजावणी आराखड्यात जातो, मग केंद्राची मंजुरी येते. प्रत्येक कामाला खर्चाचा शीर्ष आणि संकेतांक असतो. आराखड्यात ओळ नसेल तर अधिकाऱ्याला तुमचं काम कितीही आवडलं तरी तो पैसे देऊ शकत नाही. म्हणून आराखडा तयार होत असतानाच, साधारण दिवाळीच्या आसपास, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना भेटा. त्याआधी जिल्हा समूह संघटकांना भेटलात तर आणखी बरं. आशांच्या कामाची खरी नस त्यांना ठाऊक असते.

एक फरक लक्षात ठेवा, आम्हाला तो वर्षभराने कळला. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्र जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे येतात, ग्रामीण रुग्णालय आणि उपजिल्हा रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. मुलींना प्रत्यक्ष कामाचा सराव ग्रामीण रुग्णालयात द्यायचा असेल तर जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचं पत्र तिथे चालत नाही.

*आदिवासी विकास विभाग.* एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे न्यूक्लिअस बजेट नावाची योजना असते. तिच्यात तीन गट आहेत आणि त्यातला एक प्रशिक्षणाचा आहे. स्थानिक गरजेप्रमाणे छोटं काम बसवायला ही योजना सगळ्यात लवचीक. प्रकल्प अधिकारी दरवर्षी आराखडा ठरवतात, तो ठरण्याआधी तुमचं टिपण त्यांच्या टेबलावर असावं. याशिवाय केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाची स्वयंसेवी संस्थांसाठी अनुदान योजना आहे. तिच्यात साधारणपणे खर्चाच्या ९० टक्के अनुदान मिळतं, अनुसूचित, म्हणजे घोषित आदिवासी क्षेत्रात १०० टक्के मिळू शकतं. पण तिचा भर दवाखाना, फिरतं आरोग्य पथक, वसतिगृह अशा कामांवर आहे आणि राज्याच्या शिफारशीशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. पहिल्याच वर्षी तिकडे जाऊ नका, असं माझं मत आहे.

*कौशल्य विकास.* केंद्राची प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आणि राज्याच्या कौशल्य विकास सोसायटीच्या योजना. करोनाच्या काळात, २०२१ मध्ये, राज्याने आरोग्य क्षेत्रासाठी खास मुख्यमंत्री महाआरोग्य कौशल्य विकास कार्यक्रमही आणला होता. इथे प्रशिक्षण केंद्राची तपासणी होते: खोलीचं माप, उपकरणं, प्रशिक्षकाची पात्रता, हजेरीचं यंत्र. पैसा टप्प्यांनी मिळतो आणि काही योजनांत शेवटचा टप्पा मुलींना काम लागल्याचे पुरावे दिल्यावर. डोंगरातल्या संस्थेला हे एकटीने झेपत नाही. तालुक्याच्या आयटीआयशी किंवा आधीच मान्यता असलेल्या केंद्राशी करार करा.

*जिल्हा खनिज प्रतिष्ठान.* चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळ, नागपूर अशा खाणींच्या जिल्ह्यांत असाल तर हे दार नक्की ठोठवा. खाणपट्ट्यांतून जमा होणारा हा पैसा बाधित गावांसाठीच असतो आणि त्याचा मोठा हिस्सा आरोग्य, शिक्षण, कौशल्य अशा प्राधान्याच्या कामांवर खर्च करणं बंधनकारक आहे. जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा, तुमची गावं बाधित गावांच्या यादीत आहेत का.

*पेसाचा ५ टक्के निधी.* पेसा म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा. तिथल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतून थेट मिळणारा हा अबंध, म्हणजे एकाच कामाला न बांधलेला निधी आहे. आरोग्य, स्वच्छता आणि शिक्षण हा त्याच्या खर्चाचा एक मान्य विषय आहे आणि निर्णय ग्रामसभेचा असतो. रक्कम मोठी नसते. पण चार गावांनी मिळून दोघी-चौघींचा प्रवास, गणवेश, वजनकाटा, थर्मामीटर यांचा खर्च उचलला तर मोठ्या अनुदानाची वाट बघत बसावं लागत नाही. आमची दुसरी तुकडी अशाच पैशावर उभी राहिली.

३. संस्थेची कागदपत्रं

ही फाइल प्रस्तावाच्या आधी तयार हवी:

- नोंदणी प्रमाणपत्र. महाराष्ट्रातल्या बहुतेक संस्थांकडे दोन असतात, १८६० च्या सोसायटी कायद्याखालचं आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालचं. दोन्ही लागतात. कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी असेल तर तिचं प्रमाणपत्र.
- घटना आणि नियमावली. उद्देशांमध्ये आरोग्य किंवा प्रशिक्षण हे शब्द आहेत का, ते वाचून बघा.
- परिशिष्ट १, म्हणजे सध्याच्या विश्वस्तांची धर्मादाय कार्यालयात नोंदलेली यादी.
- संस्थेचं पॅन आणि टॅन (कर कापून भरण्यासाठीचा क्रमांक), प्राप्तिकर सवलतीसाठीच्या १२ए नोंदणीचं चालू प्रमाणपत्र. २०२१ नंतर ही नोंदणी सगळ्यांना नव्याने करावी लागली आणि आता तिला मुदत असते. मुदत कधी संपते ते बघा.
- नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा ओळख क्रमांक. त्यासाठी संस्थेचं पॅन आणि किमान तीन पदाधिकाऱ्यांचे पॅन व आधार लागतात.
- तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, वार्षिक अहवाल आणि प्राप्तिकर विवरणपत्रं.
- या प्रकल्पासाठी अर्ज करण्याचा आणि सही करण्याचे अधिकार देणारा कार्यकारिणीचा ठराव.
- स्वतंत्र बँक खात्याचा तपशील.

या यादीतला सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे परिशिष्ट १. विश्वस्त मंडळात कुणी वारलं, कुणी राजीनामा दिला, नवीन कुणी आलं, की ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. कितीतरी जुन्या संस्थांनी वर्षानुवर्षं तो दिलेलाच नसतो. मग प्रस्तावावर सही करणाऱ्या अध्यक्षांचं नाव परिशिष्टात सापडत नाही, तिथे दहा वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाचं नाव असतं. तुंबलेले बदल अर्ज निकाली निघायला महिने लागतात. बाकी काही करायच्या आधी, आजच, परिशिष्टाची ताजी नक्कल काढून बघा.

४. आधी माणसं, मग प्रस्ताव

बहुतेक जण आधी ‘५० लाभार्थी’ असं लिहितात आणि मंजुरी आल्यावर पन्नास नावं शोधत फिरतात. तुम्ही उलटं करा.

पाड्यापाड्यावर जा. ग्रामसभेत विषय मांडा, नावं तिथेच सुचू द्या आणि ठराव घ्या. ग्रामसभेने निवडलेली बाई आजारी माणसाच्या दाराशी गेली तर तिला आत घेतलं जातं. सरपंचांच्या चिठ्ठीवरून आलेली मुलगी प्रमाणपत्र घेते आणि शहरात निघून जाते. हे मी दोन तुकड्यांत डोळ्यांनी पाहिलं आहे.

निवडीच्या वेळीच चार गोष्टी तपासा.

*शिक्षणाची अट.* योजनेत आठवी किंवा दहावी लिहिलेली असते. दूरच्या पाड्यांवर ती पूर्ण करणारी बाईच नसेल तर तसं गावनिहाय लिहून शिथिलतेची मागणी प्रस्तावातच करा. नंतर केलेली मागणी कुणी ऐकत नाही.

*नाव.* शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच. एका अक्षराच्या फरकानेही मानधन परत जातं. लग्नाचं प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद करून घ्यायला वेळ लागतो, म्हणून हे काम मंजुरीची वाट न बघता सुरू करा.

*बँक खातं.* बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे खातं थेट लाभासाठी (डीबीटी) जोडलं गेलं, असा सगळ्यांचा समज असतो. थेट लाभाचा पैसा त्या एकाच खात्यात जातो, जे राष्ट्रीय पेमेंट यंत्रणेत त्या आधारशी शेवटचं जोडलेलं असेल. आमच्या एका सेविकेचं तीन महिन्यांचं मानधन तिला ठाऊकही नसलेल्या जुन्या जनधन खात्यात पडून होतं. प्रत्येकीला बँकेत नेऊन विचारा: डीबीटीसाठी माझं कोणतं खातं चालू आहे?

*भाषा.* पुस्तिका मराठीत असते. ती ज्यांना शिकवायची त्या घरात पावरी, भिली, कोरकू, गोंडी किंवा माडिया बोलतात. दहावी झालेली मुलगीही ‘निर्जलीकरण’ हा शब्द पाठ करते आणि बाळाचं तोंड सुकलेलं ओळखत नाही. तिच्या बोलीत तो आजार कसा सांगतात, हे तिच्याकडूनच ऐकून घेतलं की दोन दिवसांचं काम अर्ध्या दिवसात होतं. दुभाष्या सहप्रशिक्षकाचं मानधन हा अंदाजपत्रकातला स्वतंत्र खर्च आहे. तो मागायला संकोच करू नका.

५. अंदाजपत्रक

आमच्या पहिल्या अंदाजपत्रकात प्रशिक्षकाचं मानधन, जेवण, साहित्य आणि प्रमाणपत्र एवढंच होतं. बाकी सगळं खिशातून गेलं. आता आम्ही हे खर्च वेगळे दाखवतो:

- पाड्यापासून केंद्रापर्यंतचा प्रवास, दर फेरीचा. जिथे एसटी जात नाही तिथल्या जीपचा दर आणि त्यासोबत ‘या मार्गावर बससेवा नाही’ असा ग्रामपंचायतीचा दाखला.
- बुडालेल्या मजुरीची भरपाई. ‘मानधन’ किंवा ‘विद्यावेतन’ या नावाने लिहा. ज्या बाईची रोजची मजुरी बुडते ती वीस दिवस फुकट येणार नाही आणि तिने यावं अशी अपेक्षा करणंही योग्य नाही.
- अंगावर पिणाऱ्या बाळांसाठी पाळणाघर. एक मावशी, एक खोली, सतरंज्या, दूध. हा खर्च नसेल तर तरुण आया गळतात, आणि त्याच सगळ्यात चांगलं शिकतात.
- रात्रीच्या मुक्कामासाठी महिला काळजीवाहक.
- प्रत्येकीची किट आणि ती पुन्हा भरण्याचा खर्च.
- प्रशिक्षणानंतर बारा महिने देखरेख: एका पर्यवेक्षिकेचं मानधन, तिचा प्रवास, महिन्यातून एक दिवस सगळ्यांची बैठक.

शेवटची ओळ तपासणीत सगळ्यात आधी कापली जाते. ‘प्रशिक्षण योजनेत हा खर्च बसत नाही’ असं सांगतात. त्यावर दोन उपाय आम्हाला लागू पडले. एक, तो खर्च ‘उजळणी प्रशिक्षण’ म्हणून मांडायचा: पाच दिवसांचं एक सलग प्रशिक्षण कमी करून त्याच पैशात वर्षभर पसरलेले एकेक दिवसाचे वर्ग. दुसरा, पर्यवेक्षणासाठी आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकांची साखळी वापरू द्यावी, असं तालुका आरोग्य अधिकाऱ्यांचं संमतिपत्र प्रस्तावालाच जोडायचं आणि फक्त प्रवास मागायचा.

दर ठरवताना शासन निर्णयात दिलेल्या कमाल मर्यादा बघा. जेवणाचा, मुक्कामाचा, तज्ज्ञाच्या मानधनाचा दर ठरलेला असतो. एका ओळीतही मर्यादा ओलांडली तर पूर्ण प्रस्ताव त्रुटीत निघतो.

तारखांचा तक्ता अंदाजपत्रकासोबतच जोडा. जुलै-ऑगस्टमध्ये भातलावणी असते, दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली कुटुंबं उन्हाळ्यापर्यंत परतत नाहीत आणि होळीचे दिवस मोकळेच सोडावे लागतात. आमच्याकडे नीट बसतात ते सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते दिवाळी आणि एप्रिल-मे. तुमच्या भागातलं तुम्हाला ठाऊक असेल. ते कागदावर लिहून दिलं, की मार्चमध्ये निधी आला तरी मुदतवाढ मागायला आधार राहतो.

६. सादर करणं आणि मागे लागणं

प्रस्तावाच्या दोन प्रती न्या. एका प्रतीवर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नका. साहेबांच्या हातात दिलेला कागद नोंदला जाईलच असं नाही.

नंतर दर पंधरा दिवसांनी विचारा आणि प्रश्न नेमका ठेवा: फाइल कोणत्या टेबलावर आहे, टिपणी लिहिली गेली का, त्रुटी आहे का? त्रुटी असेल तर लेखी मागा. तोंडी त्रुटी दर वेळी बदलते. लिपिकांशी आदराने वागा. फायलीची वाट त्यांना ठाऊक असते आणि त्यातले अनेक जण मनापासून मदत करतात. आम्हाला परिशिष्ट १ चा घोळ सर्वांत आधी एका वरिष्ठ लिपिक बाईंनीच दाखवला.

टक्केवारी घेऊन मंजुरी आणून देतो म्हणणारे मध्यस्थ भेटतील. त्यांना एक रुपयाही देऊ नका. तो पैसा कोणत्याही हिशेबात दाखवता येत नाही. मग तो मुलींच्या जेवणातून किंवा मानधनातून कापला जातो.

७. मंजुरी आदेश ओळीओळीने वाचा

आदेश आल्याचा आनंद ओसरू द्या आणि दोघांनी मिळून तो वाचा. पेन्सिलीने खुणा करा: रक्कम, हप्ते, मुदत, किती प्रशिक्षणार्थी, कोणत्या खर्चशीर्षात किती, एका शीर्षातून दुसऱ्यात रक्कम वळवता येते का, खरेदीसाठी किती रकमेवर तीन दरपत्रकं लागतात, अहवाल कुणाला आणि कधी द्यायचा.

संस्थेला बंधपत्र लिहून द्यावं लागू शकतं. त्यावर सही करणारे पदाधिकारी अटी पाळण्याला बांधले जातात, हे त्यांना सही करण्याआधी नीट समजावून सांगा.

केंद्राच्या योजनांसाठी पीएफएमएस या सरकारी निधीचा माग ठेवणाऱ्या ऑनलाइन प्रणालीत संस्थेची नोंदणी लागते. इथे अनेकांची गल्लत होते. २०२१ मध्ये आलेल्या पद्धतीत केंद्र पुरस्कृत योजनेचा पैसा राज्यात त्या योजनेच्या एकाच मुख्य खात्यात राहतो. खालच्या यंत्रणांची खाती शून्य शिलकीची असतात आणि त्यांना फक्त खर्चाची मर्यादा कळवली जाते. म्हणून खात्यात शिल्लक शून्य दिसली तर घाबरू नका, आणि ‘आधी उधारीवर खर्च करू, मग काढून घेऊ’ असंही ठरवू नका. मर्यादा मिळाल्याची खात्री झाल्यावरच ज्याला पैसे द्यायचे त्याच्या खात्यात थेट रक्कम जाते. वर्ष संपताना न वापरलेली मर्यादा हातची जाऊ शकते.

८. प्रशिक्षण चालू असताना

शिकवण्याबद्दल वेगळं लिहावं लागेल. इथे फक्त नोंदींचं सांगते, कारण शिकवण्याच्या गडबडीत त्याच मागे पडतात.

हजेरीपत्रकावर रोज दोन वेळा सही. रिकाम्या रकान्यात नंतर केलेल्या सह्या तपासणीत लगेच ओळखू येतात. यंत्रावरची हजेरी बंधनकारक असेल आणि तुमच्या केंद्रावर नेटवर्क नसेल तर सुरू होण्याच्या आधी लेखी कळवून पर्यायी हजेरीची परवानगी घ्या. प्रशिक्षण संपल्यावर दिलेलं कारण ग्राह्य धरत नाहीत.

किराणा, भाजी, जीप यांची बिलं त्याच दिवशी घ्या. आठवडी बाजारात भाजीवाली पक्कं बिल देत नाही. तिथे व्हाउचर, तिची सही किंवा अंगठा, आणि रक्कम अक्षरी. शक्य तिथे पैसे बँकेतूनच द्या. तज्ज्ञांच्या मानधनावर कर कापायचा का, ते लेखापालाला आधी विचारा. आम्ही एकदा कापला नाही आणि तो भुर्दंड संस्थेवर आला.

कुणी मधेच सोडून गेली तर ते लपवू नका. तारीख, कारण आणि तिची चिठ्ठी फाइलला लावा. बाळंतपण, सासूचं आजारपण, नवऱ्याने नाही म्हणणं, ही खरी कारणं आहेत आणि ती लिहून ठेवली तर पुढच्या वर्षीच्या पाळणाघराच्या खर्चाला पुरावा होतात.

९. हिशेब आणि उपयोगिता प्रमाणपत्र

केंद्राचा पैसा असेल तर सामान्य वित्तीय नियम २०१७ लागू होतात. उपयोगिता प्रमाणपत्र, ज्याला सगळे यूसी म्हणतात, ठरलेल्या १२-ए या नमुन्यात द्यायचं असतं आणि त्यासाठी आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिने मिळतात. प्रत्यक्षात कार्यालयं ते खूप आधी मागतात आणि आधीचं यूसी नसेल तर पुढचा हप्ता अडतो. सनदी लेखापालाला मे महिन्यातच कागद द्या. सप्टेंबरमध्ये त्यांना कुणासाठीच वेळ नसतो.

इथल्या दोन चुका फार संस्था करतात. अनुदानावर बँकेत जमा झालेलं व्याज संस्थेचं नसतं, ते परत करायचं असतं. त्यातून प्रशिक्षण केंद्रासाठी पाण्याचं फिल्टर घेतलं तरी तो आक्षेप ठरतो. आणि अनुदानातून घेतलेल्या वस्तू, म्हणजे सरावाचे पुतळे, वजनकाटे, प्रोजेक्टर, यांची मालमत्ता नोंदवही ठेवावी लागते. मंजुरीशिवाय त्या विकता किंवा दुसरीकडे देता येत नाहीत.

निधी उरलाच तर तो उरला असं सांगून वेळेत परत करा आणि परतीच्या चलनाची प्रत जपा. आम्ही त्या पहिल्या वर्षी परत केलेल्या रकमेचं चलन तिसऱ्या वर्षीच्या प्रस्तावाला जोडलं. सोबत अकरा जणी ऊसतोडीला गेल्याचा ग्रामसभेचा दाखला आणि नव्या तारखांचा तक्ता लावला. छाननीत त्यावर एकही प्रश्न आला नाही. पत्र सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आलं आणि त्या अकरांपैकी नऊ जणी त्या तुकडीत बसल्या.